जुन्या सालीवरची वेणी

मे महिना सरत आला की त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात गावठी आंब्यांचा उतार सुरू होतो. बांबूला झेला बांधून पोरे झाडावर चढतात. अशा वेळी दोन फांद्यांच्या बेचक्यात एखादी वेगळीच वनस्पती नजरेस पडते. पन्हळीसारखी मुडपलेली जाड पाने, सालीला घट्ट बिलगलेल्या चंदेरी मुळ्या आणि पानाच्या बगलेतून खाली सुटलेला पांढऱ्या-गुलाबी फुलांचा लांब झुबका. एकेक फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचे असते. पण एका दांड्यावर शंभरावर फुले इतक्या दाटीने गुंफलेली असतात की झाडावर कुणी गजरा विसरून गेले की काय, असे वाटावे.

महाराष्ट्रात हिला ‘सीतेची वेणी’ म्हणतात. कुठे नुसतेच ‘गजरा’ही म्हणतात.

पंचवटीच्या गावात या नावाला वेगळे वजन आहे. नाशिकमध्ये सीतागुंफा आहे, तपोवन आहे, रामकुंड आहे. वनवासात सीता हेच फूल केसांत माळत असे, ही लोकांची समजूत इथे सहज पटते. उत्तरेत याच फुलाला द्रौपदीची माळ म्हणतात. आसामात ते ‘कोपौ फूल’ होते. एप्रिलच्या मध्याला रोंगाली बिहू आला की नाचणाऱ्या मुली हा झुबका अंबाड्यात खोवतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांनी त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. तिकडे ते बिहूला फुलते, आपल्या सह्याद्रीत मृगाच्या आगेमागे. भाषा बदलली, महिना बदलला, तरी त्या फुलाकडे पाहून बायकांना केसच आठवले.

शास्त्रीय भाषेत ही ‘ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा’, म्हणजेच आमरी किंवा ऑर्किड. कार्ल लुडविग ब्लूम या जावामध्ये काम करणाऱ्या वनस्पतितज्ज्ञाने 1825 मध्ये ‘ऱ्हिंकोस्टायलिस’ ही प्रजाती, म्हणजे जातींचा गट, स्थापन केली. ग्रीकमध्ये ‘ऱ्हिंकोस’ म्हणजे चोच. फुलाच्या मधोमध नर आणि मादी अवयव एकत्र होऊन जो आखूड स्तंभ बनतो, त्याचे टोक चोचीसारखे दिसते. ‘रेट्युसा’ म्हणजे टोकाशी खाच असलेली. तिच्या पानाचे टोक कुणी कात्रीने तिरके कापल्यासारखे असते, त्याला कमी-जास्त लांबीच्या दोन पाळ्या असतात. फूल नसतानाही पानाचे हे टोक पाहून ओळख पटवायला मदत होते.

जगभरात आमरींच्या सुमारे 28,000 जाती आहेत. त्या पसाऱ्यात हे घराणे अगदीच लहान. त्यात जेमतेम तीन-चार जाती. ‘सिलेस्टिस’ थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनामची. तिचा निळसर झुबका खाली न लोंबता वर उभा राहतो. ‘जायगँटिया’ आग्नेय आशियातली. तिची फुले मोठी असतात आणि थायलंडमधल्या बागायतदारांनी तिचे लालभडक वाण जोपासले आहेत. या भावंडांत सर्वांत दूरवर पसरलेली आपली रेट्युसाच. श्रीलंका आणि भारतापासून नेपाळ, म्यानमार, दक्षिण चीन, इंडोनेशिया ते थेट फिलिपिन्सपर्यंत ती आढळते.

शास्त्राच्या दप्तरी तिची नोंद ब्लूमच्याही आधी झाली होती. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला. तो 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. या ग्रंथासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट असे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी 1675 मध्ये लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात कोकणी भाषेत, देवनागरी अक्षरांत छापलेला आहे. नागरी लिपीच्या छपाईतला तो फार जुना नमुना. ग्रंथाचा शेवटचा, बारावा खंड निघाला तेव्हा ऱ्हीड हयात नव्हता. 1691 च्या डिसेंबरात सुरतेच्या वाटेवर जहाजावरच त्याचा मृत्यू झाला आणि सुरतेत त्याचे दफन झाले. त्या बाराव्या खंडात ‘अंजेली मरवार’ या नावाने एक झाडावरची वनस्पती चितारलेली आहे, ती हीच आमरी. अंजेली हे मलबारातल्या एका रानफणसाचे नाव. म्हणजे ‘अंजेलीच्या झाडावर वाढणारी’. पुढे कार्ल लिनियसने 1753 मध्ये तिला लॅटिन नाव दिले ते या चित्राच्या आधारे.

मलबारातल्या लोकांनी फुलाचा रंग किंवा गंध सोडून ती कोणत्या झाडावर राहते ते नावात ठेवले. आमरी वाचवायची म्हणजे काय, हे समजून घ्यायला ते जुने नावच सर्वांत उपयोगी आहे.

मात्र आधी एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. झाडावर दुसरे काही वाढलेले दिसले की आपल्याकडे पहिला शब्द तोंडात येतो तो ‘बांडगूळ’. आंब्यावर बांडगूळ असतेच. ते फांदीत आपली शोषक मुळे घुसवते, झाडाचा रस पिते आणि हळूहळू फांदी वाळवते. म्हणून शेतकरी कोयत्याने ते तोडून टाकतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच सपाट्यात आमरीही जाते. या गोंधळाची मुळे खूप जुनी आहेत. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींसाठी संस्कृतात ‘वंदा’ हा शब्द आहे आणि त्यावरूनच आमरींच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘व्हँडा’ पडले. शब्दाने बांडगूळ आणि आमरीला एका माळेत ओवले, पण त्यांचे वागणे अगदी उलट आहे.

आमरी झाडाकडून फक्त जागा घेते. तिची मुळे सालीच्या वरवरच राहतात, आत शिरत नाहीत. फांदीवरची आमरी हलक्या हाताने उचलून पाहिली तर खालची साल शाबूत असते. तिचे अन्न ती स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. पाणी मिळते पावसातून, धुक्यातून आणि खोडावरून ओघळणाऱ्या ओलाव्यातून. क्षार मिळतात ते सालीच्या खाचेत साठलेली धूळ, कुजलेली पाने आणि पक्ष्यांची विष्ठा यांतून. अशा वनस्पतींना ‘अपिवनस्पती’ म्हणतात. त्या परजीवी नव्हेत, नुसत्या भाडेकरू. आणि भाडेकरू असल्या तरी घरमालकाच्या चुलीला हात न लावणाऱ्या.

हे जगणे सोपे नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर चार महिने धो धो पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडेच जातात. जमिनीतल्या झाडाला खालचा ओलावा तरी असतो. फांदीवरच्या आमरीला तोही नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ती उन्हात आणि वाऱ्यात नुसती टांगलेली असते. तरीही ती टिकते, याचे रहस्य तिच्या मुळांत आहे.

आमरीचे कोरडे मूळ चंदेरी-पांढरे दिसते. त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले की काही क्षणांत तिथला रंग हिरवा होतो. हा प्रयोग कुणीही करून पाहावा. मुळाभोवती मृत, पोकळ पेशींचे स्पंजासारखे वेष्टण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. ते कोरडे असताना हवेने भरलेले असते, म्हणून पांढरे दिसते. पाणी लागले की टीपकागदासारखे ते शोषून घेते आणि पारदर्शक होते. मग आतल्या पेशींतले हरितद्रव्य दिसू लागते. पानांप्रमाणे आमरीची मुळेही थोडेफार अन्न बनवतात. वळवाची सर दहा मिनिटे पडून गेली तरी आमरी त्या दहा मिनिटांत आपली घागर भरून घेते.

पाने पाणी राखण्याचे काम करतात. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याबरोबर भरपूर बाष्पही गमावतात. जाड पानांच्या अनेक आमरी मात्र दिवसा दारे लावून घेतात. रात्री हवा थंड झाली की रंध्रे उघडतात, वायू आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात बंद दाराआड त्याचे अन्न करतात. निवडुंगाचीही हीच युक्ती आहे. मुसळधार पावसाच्या प्रदेशातली ही आमरी आतून वाळवंटातल्या झाडासारखी जगते.

फुलांची रचनाही अशीच काटेकोर. सीतेच्या वेणीचे एक फूल भिंगाखाली धरले तर पाच पांढऱ्या दलांवर जांभळट ठिपके दिसतात. सहावे दल म्हणजे ओठ. तो गडद गुलाबी असतो आणि त्याच्या मागे पिशवीसारखी पोकळी असते. स्तंभाच्या चोचीआड परागकण भुकटीच्या रूपात नसतात. ते घट्ट गोळ्यांत बांधलेले असतात आणि त्या गोळ्यांना देठ व चिकट तळवा असतो. कीटक फुलात डोके घालून माघारी फिरतो तेव्हा हा तळवा त्याच्या अंगाला चिकटतो आणि सगळे पराग एकगठ्ठा पुढच्या फुलाकडे जातात. चार्ल्स डार्विनने आमरींच्या परागीभवनावर 1862 मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यासाठी तो कीटकाच्या जागी टोकदार पेन्सिल फुलात घालून परागगोळ्या बाहेर काढत असे. गवताच्या काडीने तोच प्रयोग आपल्यालाही करता येतो.

परागीभवन साधले की दांड्यावर बोंडे धरतात. ती पिकून उकलली की आतून धुळीसारखे बी उडते. एका बोंडात हजारोंपासून लाखांपर्यंत बिया असू शकतात. मोहरी किंवा नाचणीचा दाणाही त्यापुढे राक्षसी वाटेल. बी इतके हलके ठेवण्यासाठी आमरीने शिदोरीच टाकून दिली आहे. हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी अन्न भरलेले असते, आमरीच्या बीमध्ये ते जवळजवळ नसतेच. मग ते रुजते कसे?

याचे उत्तर फ्रान्सच्या नोएल बर्नार्ड या तरुण शास्त्रज्ञाला 1899 मध्ये सापडले. आमरीचे बी रुजताना त्यात एक बुरशी शिरते आणि कोवळ्या गर्भाला अन्न पुरवते. पहिले हिरवे पान फुटेपर्यंत आमरी याच दाईच्या दुधावर वाढते. ही बुरशी नसेल तिथे लाखो बिया पडूनही एक रोप उगवत नाही. पुढे अमेरिकेत लुईस नडसन यांनी 1922 मध्ये दाखवून दिले की काचेच्या बाटलीत साखर आणि क्षार मिसळलेल्या अगारवर बुरशीविनाही आमरी रुजवता येते. आज फुलबाजारात मिळणारी आमरी याच पद्धतीच्या जोरावर प्रयोगशाळेत आणि पॉलिहाऊसमध्ये वाढलेली असते. गणपतीत सजावटीला येणारे जांभळे ऑर्किड हे बहुधा डेंड्रोबियमचे असे संकर असतात. त्यांच्यासाठी कुणाला जंगलात जावे लागत नाही.

जंगलात मात्र बाटली नाही. तिथे उडालेल्या बीला खडबडीत, खाचाखोचांची, ओल धरणारी आणि योग्य बुरशी वसलेली सालच हवी. अशी साल काही वर्षांत तयार होत नाही. कोवळ्या आंब्याची साल गुळगुळीत असते, पाऊस पडला की पाणी वाहून जाते. तीच साल काही दशकांनी भेगाळते, त्यावर दगडफूल येते, शेवाळ येते, भेगांत माती साठते. मग त्यावर आमरी येते. एखाद्या म्हाताऱ्या आंब्यावर दिसणारा आमरीचा मोठा गड्डा कैक पावसाळ्यांची कमाई असतो.

नाशिकच्या वनस्पतींची नोंद चांगली झालेली आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. फादर सांतापाव आणि कापडिया यांचे ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ 1966 मध्ये निघाले. लक्ष्मीनरसिंहन आणि शर्मा यांनी नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ 1991 मध्ये सिद्ध केला. देशपातळीवर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 2019 मध्ये आमरींची सचित्र यादी काढली. तिच्यात 155 प्रजातींमधल्या 1,256 जाती आहेत. त्यातल्या सुमारे 60 टक्के झाडांवर राहणाऱ्या, आणि 388 जगात फक्त भारतात आढळणाऱ्या.

या शेवटच्या गटातले एक घराणे सह्याद्रीचे आहे. त्याचे नाव ‘स्मिथसोनिया’, जाती तीनच, आणि त्या पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाहीत. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याच्या वनस्पतींचा अभ्यास करणारे फादर सेसिल सलडाणा यांनी 1974 मध्ये ही प्रजाती मांडली आणि त्या कामाला साहाय्य करणाऱ्या अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे नाव तिला दिले. त्यातल्या दोन जाती एकोणिसाव्या शतकातच मुंबई इलाख्याचे वनाधिकारी निकोल डालझेल यांनी वर्णिल्या होत्या. सीतेची वेणी एका डोंगरावरून नाहीशी झाली तरी ती आसामात किंवा जावामध्ये उरेल. स्मिथसोनियाला सह्याद्रीपलीकडे घर नाही. फुले नसताना मात्र झाडावरच्या लहान आमरींची पाने एकसारखी दिसतात. ‘आमरी’ म्हणून रानातून ओरबाडून आणलेल्या गड्ड्यात नेमके काय आले, हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसते.

कायदा आमरीच्या बाजूने आहे. आमरींचे सगळे कूळच आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारात येते. राखीव वनातून परवानगीशिवाय कोणतीही वनस्पती काढणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीसाठी स्वतंत्र अनुसूची आणली. आधाराच्या झाडांनाही संरक्षण आहे. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन ही झाडे मालकीच्या जमिनीवर असली तरी परवानगीविना तोडता येत नाहीत. शहरांसाठीच्या वृक्ष कायद्यात 2021 मध्ये ‘हेरिटेज ट्री’ ही कल्पना आली. पन्नास वर्षांहून जुने झाड वारसावृक्ष ठरते आणि कोणतेही झाड तोडावेच लागले तर त्याचे जितके वय तितकी रोपे लावायची, असा नियम झाला.

आमरीच्या दृष्टीने खरी अडचण या हिशेबातच आहे. साठ वर्षांच्या आंब्याच्या बदल्यात साठ रोपे लावली तर सरकारी वहीत झाडे वाढतात. त्या साठ रोपांवर आमरीला टेकायला एकही जागा नसते. ती जागा तयार व्हायला आणखी काही दशके जातील, आणि तोवर आसपास बी देणारी आमरी आणि तिची बुरशी उरलेली असावी लागेल. तपोवनातल्या झाडांवर कुंभमेळ्याच्या तयारीसाठी कुऱ्हाड येणार म्हणून नाशिककर 2025 च्या अखेरीस रस्त्यावर उतरले, तेव्हा ‘दुसरीकडे जास्त झाडे लावू’ हे उत्तर त्यांना पटले नाही. लोकांचा तो विरोध वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवरही खरा ठरतो. म्हाताऱ्या झाडाच्या सालीवर आणि ढोलीत जे जग नांदते, त्याची बदली रोपवाटिकेतून करता येत नाही.

घाटमाथ्यावर हाच प्रश्न आणखी तीव्र आहे. त्र्यंबक-इगतपुरी भागात डोंगरउतार सपाट करून प्लॉट पडत आहेत, रस्ते रुंदावत आहेत. बांधावरचे आंबे आणि जांभळी त्यात पहिल्यांदा जातात. अंजनेरीचा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. गिधाडांचे ते घर आहे आणि ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या दुर्मीळ कंदिलपुष्पाच्या नावातच तो डोंगर आहे. तिथेही कधी रस्त्याचा, कधी रोपवेचा प्रस्ताव येतो आणि निसर्गप्रेमी नाशिककरांना पुन्हा हरकती घ्याव्या लागतात. त्या मानाने गावांनी श्रद्धेने राखलेल्या देवराया आमरीला जास्त भरवशाच्या वाटतात. देवाच्या नावाने सोडलेल्या झाडाला कुऱ्हाड लागत नाही, वाळकी फांदीही कुणी नेत नाही, आणि साल निवांतपणे म्हातारी होते.

माणसाने करण्यासारखे बरेच आहे, आणि ते अवघडही नाही. आंब्यावरचे बांडगूळ काढताना मुळाकडे पाहावे. ते फांदीत रुतलेले असेल तर बांडगूळ, सालीवरून सरकत गेलेले चंदेरी असेल तर आमरी. रस्त्याकडेला गोणपाटात बांधून विकायला ठेवलेली रानातली आमरी विकत घेऊ नये. शहरातल्या गॅलरीत ती बहुधा दोन उन्हाळेही काढत नाही. घरी हौसच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेले रोप आणावे. त्याला कुंडीतली माती अजिबात नको. पावसाळ्याच्या तोंडावर अंगणातल्या आंब्याच्या किंवा जांभळाच्या खोडाला, थोडी सावली आणि खेळती हवा मिळेल अशा उंचीवर, ते काथ्याने बांधावे. मुळे पांढरी झाली की पाणी शिंपडावे, हिरवी असताना शिंपडू नये. नवी मुळे सालीला धरली की काथ्या सोडून टाकावा.

आणखी एक काम मेअखेरीच्या वादळांनंतरचे. वळवाच्या सोसाट्यात जुन्या फांद्या मोडून पडतात आणि त्यांच्यावरच्या आमरी जमिनीवर येतात. तिथे त्या पावसाळ्यात कुजतात नाहीतर गुरांच्या पायाखाली जातात. घराच्या बांधावर पडलेली अशी आमरी फांदीच्या तुकड्यासकट उचलून त्याच आंब्याच्या दुसऱ्या फांदीवर बांधली तर ती पुन्हा धरते. मग पुढच्या ज्येष्ठात त्याच जागी पानाच्या बगलेतून एक हिरवा दांडा बाहेर पडतो, हळूहळू खाली झुकतो, आणि झेला घेऊन वर चढलेल्या पोराच्या तोंडासमोर पांढऱ्या-गुलाबी फुलांचा गजरा हलत असतो.